टॅबचं वायफाय मधेच जातं : तुमच्याकडे काय झालं, शेवटी निघालं काय?

परळ

बाबांचं खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून दोन महिने ते आतल्या खोलीत पलंगावरच आहेत आणि दिवसभर वाट बघतात ती एकाच गोष्टीची, संध्याकाळी सातला नाशिकहून येणारा नातीचा व्हिडिओ कॉल. फोनचा स्क्रीन त्यांना लहान पडतो म्हणून मुद्दाम टॅब घेतला. आणि रोज सातला सुरू झालेला कॉल पाच-सात मिनिटांत गोठतो, पोरीचं तोंड अर्धं उघडं तसंच राहतं, आवाज तुटत तुटत बंद होतो. वर वायफायच्या रेघा कधी पूर्ण असतात कधी एकच. बाबा टॅब कानाजवळ धरून हॅलो हॅलो करत बसतात आणि मग मला हाक येते, "गेली का गं ती?" ते ऐकवत नाही मला.

नेटवर्क फॉरगेट करून पासवर्ड परत टाकला, राउटर बंद-चालू केला, टॅब अपडेट केला. नेटवाल्यांचा माणूस येऊन गेला, हॉलमध्ये राउटरशेजारी उभं राहून स्वतःच्या फोनवर स्पीड बघितला, शंभरच्या वर आला, म्हणाला लाइन ओके आहे, टॅब बदला. दोन महिन्यांचा टॅब कसा बदलायचा? ज्यांनी टॅबवर हा त्रास काढलाय त्यांनी जरा सविस्तर लिहा, काय होत होतं, कशावर संशय घेतला आणि शेवटी निघालं काय. बाकीच्यांनाही उपयोग होईल.

ग्रँट रोड

ताई, माझं लॅमिंग्टन रोडला रिपेअरिंगचं दुकान आहे, बरीच वर्षं हेच करतोय. टॅब बदलायची घाई अजिबात करू नका. आधी एक ठरवा, तुटतंय कुठे. टॅब ते राउटर हा एक रस्ता आणि राउटर ते बाहेर हा दुसरा. कॉल गोठला की टॅबवरच ब्राउझर उघडून राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ टाका, काही राउटरला १९२.१६८.०.१ असतं, राउटरच्या तळाला चिकटवलेल्या लेबलवर बघा. राउटरचं लॉगिन पान लगेच उघडलं तर टॅब निर्दोष आहे, लाइन बाहेर गेलीय. पान उघडलंच नाही तर भांडण टॅब आणि राउटरमध्ये आहे, नेटवाल्याला कितीही फोन केले तरी काही होणार नाही. एवढी एक गोष्ट लोक करत नाहीत आणि नवीन वस्तू घेत सुटतात.

मागच्या पावसाळ्यात माझ्याकडे एक बाई टॅब घेऊन आल्या, तीन ठिकाणी दाखवून झालेला. टॅबला काही नव्हतं. मी म्हटलं राउटर घेऊन या, अॅडॅप्टरसकट. अॅडॅप्टर १२ व्होल्टचा, मीटर लावला तर बरोबर १२ दाखवतो, पण राउटर जोडून त्याच्यावर दोन-तीन फोन चालू केले की काटा साडेनवापर्यंत खाली. आतला कपॅसिटर, वीज स्थिर ठेवणारा भाग, फुगलेला. म्हणजे घरात सगळे एकदम वापरायला लागले की राउटर मान टाकायचा आणि परत सुरू व्हायला दीड-दोन मिनिटं घ्यायचा, तेवढ्यात फोन गुपचूप मोबाइल डेटावर जायचे म्हणून कुणाला कळायचं नाही, टॅबमध्ये सिम नाही म्हणून बोंब फक्त टॅबची. राउटरच्या पानावर अपटाइम लिहिलेला असतो, किती वेळ सलग चालू आहे ते. काल सकाळी चालू केलेला राउटर अपटाइम बारा मिनिटं दाखवत असेल तर समजायचं की तो मधे बंद पडला होता.

बोरिवली पश्चिम

मी दहावीच्या गणिताच्या शिकवण्या ऑनलाइन घेते, टॅब आणि पेन. माझा त्रास असा की क्लास सुरू झाला की वायफाय जायचं आणि क्लास नसताना तासन्‌तास व्यवस्थित. मुलांचे आईवडील मेसेज करायचे मॅडम आवाज येत नाही, पैसे घेऊन शिकवतोय आणि पोरांचा वेळ जातोय याचं फार वाईट वाटायचं. महिनाभर मी नेटवाल्याशी भांडले.

कळलं ते माउसमुळे. क्लासच्या वेळी मी टॅबला एक हब लावते, त्यात नोट्सचा पेनड्राइव्ह आणि वायरलेस माउसचा तो नखाएवढा रिसीव्हर. एक दिवस लक्षात आलं की वायफाय जातं तेव्हा माउसचा बाणही अडखळत चालतो. वायफाय आणि माउस दोघं एकदम बिघडतात म्हणजे दोघांचं काहीतरी सामायिक असणार. पेनड्राइव्ह काढला, दोन्ही सुरळीत. परत लावला, दोन्ही गेले. चार वेळा करून बघितलं आणि चारही वेळा तेच. यूएसबी ३ ची उपकरणं चालताना त्यांचा गोंगाट नेमका २.४ गीगाहर्ट्झच्या, म्हणजे वायफायच्या दोन मुख्य पट्ट्यांपैकी एकाच्या, आसपास पसरतो, इंटेलने २०१२ मध्ये यावर अख्खा लेख काढला होता. माउसचा रिसीव्हर पण २.४ वर, माझं वायफाय पण २.४ वर, आणि हब टॅबला चिकटून. आता टॅब दुसऱ्या पट्ट्यावर, ५ गीगाहर्ट्झवर, जोडते आणि पेनड्राइव्ह क्लासच्या आधी कॉपी करून काढून ठेवते. त्यानंतर एकही क्लास तुटला नाही. टॅबला काहीही टोचलेलं असेल, हब, पेनड्राइव्ह, हार्डडिस्क, तर आधी ते काढून बघा.

वरळी

आमचं आयुष्य बीडीडी चाळीत गेलं. १९२० च्या दशकातलं बांधकाम, आरसीसीच्या जाडजूड भिंती, खिळा ठोकायचा तर हातोडी उसळून हातावर यायची, वायफाय कुठून जाणार. १६० चौरस फुटांची खोली, त्यात राउटर, काही प्रॉब्लेमच नाही, पण पोरगा अभ्यासाला कॉमन पॅसेजमध्ये टॅब घेऊन बसायचा आणि दारापासून चार पावलांवर रेंज खलास. आधी रिपीटर आणला, राउटरचा सिग्नल पकडून पुढे पाठवणारी डबी. रिपीटरने रेघा पूर्ण दिसायला लागल्या पण स्पीड अर्ध्याहून खाली, कारण साधा रिपीटर ज्या कानाने ऐकतो त्याच तोंडाने बोलतो, एका वेळी एकच काम. शेवटी दाराच्या चौकटीवरून लॅनची वायर काढून पॅसेजच्या बाजूला दुसरा जुना राउटर अॅक्सेस पॉइंट करून, म्हणजे वायरीने आलेलं नेट तिथून वायफायवर द्यायला, टांगला. वायरीला पर्याय नाही हे माझं ठाम मत झालंय.

ताई, एक करा. रेघांवर विश्वास ठेवू नका. वायफाय मोजायचं कुठलंही फुकटचं ॲप टाका, ते सिग्नलच्या ताकदीचा डीबीएममध्ये आकडा दाखवतं, वजामध्ये असतो. वजा ५० म्हणजे झकास, वजा ६५-६७ पर्यंत व्हिडिओ कॉल चालतो, वजा ८० च्या आसपास गेलं की तुटणारच. टॅब हातात घेऊन हॉलपासून पलंगापर्यंत सावकाश चाला आणि आकडा कुठे पडतो ते बघा. जिथे धपकन पडतो तिथे काय आहे ते बघा.

मुलुंड

आमच्याकडे मायक्रोवेव्ह. संध्याकाळी जेवण गरम करायला लावला की दोन मिनिटं टॅब ठप्प. तो पण २.४ च्याच आसपास चालतो. राउटर फ्रिजवरून उचलून दुसऱ्या भिंतीला नेला, संपलं.

विक्रोळी

घरचा नाही पण अनुभव लिहिण्यासारखा आहे. आमच्या वसाहतीत मुलांसाठी अभ्यासिका चालवतो, स्पर्धा परीक्षांची मुलं येतात, ज्यांच्या घरी बसायला जागा नाही अशी. बऱ्याच जणांकडे साधे टॅब. सकाळी येणाऱ्यांना नेट मिळायचं आणि दुपारनंतर येणाऱ्यांचा टॅब नुसता "आयपी ॲड्रेस (नेटवर्कवरचा पत्ता) मिळवत आहे" म्हणून फिरत राहायचा, एक-दोघांच्या टॅबवर पत्ता आला तो १६९.२५४ ने सुरू होणारा. पोरं म्हणायची सर टॅब जुना झालाय, एकजण तर नवीन घ्यायला व्याजाने पैसे काढायला निघाला होता, त्याला हात धरून थांबवलं.

हा १६९.२५४ वाला पत्ता राउटर देत नाही, राउटरकडून काहीच मिळालं नाही की उपकरण स्वतःच लावून घेतं. राउटरचं पान उघडलं तर डीएचसीपीमध्ये, म्हणजे राउटर उपकरणांना पत्ते वाटतो त्या सेटिंगमध्ये, वाटायला पत्ते फक्त ५० आणि लीज, म्हणजे एक पत्ता एकाकडे राहायची मुदत, २४ तासांची. आता एकेक पोराचा टॅब, वर खिशातला फोन आपोआप जोडलेला, सकाळची बॅच घरी गेली तरी त्यांचे पत्ते दुसऱ्या दिवसापर्यंत अडकलेले. दुपारच्यांना उरलेच नाहीत. पत्ते २०० केले, लीज २ तासांची केली, पाच मिनिटांचं काम. पत्त्यांचा घोळ मोठमोठ्या ठिकाणीही झालेला आहे, २०१० मध्ये आयपॅड नवीन आला तेव्हा प्रिन्स्टन विद्यापीठात लीज संपल्यावरही आयपॅड जुनाच पत्ता वापरत राहायचे म्हणून तिथे काही आयपॅड ब्लॉक करावे लागले होते.

त्याआधी एकदा वेगळंच झालं होतं. राउटरला आम्ही मॅक ॲड्रेसची, म्हणजे प्रत्येक उपकरणाच्या स्वतःच्या ओळख क्रमांकाची, यादी लावली होती, यादीतल्यालाच नेट. अँड्रॉइड १० पासून आणि आयपॅडओएस १४ पासून टॅब प्रत्येक वायफायला खरा मॅक न देता बनवलेला देतो, त्यामुळे अपडेट झालेले टॅब एकेक करून यादीबाहेर. वायफायच्या सेटिंगमध्ये त्या नेटवर्कपुरतं "डिव्हाइस मॅक" निवडलं की जमतं, आयपॅडला "प्रायव्हेट ॲड्रेस" बंद करायचं. आम्ही यादीच काढून टाकली आणि पासवर्ड दर महिन्याला बदलतो.

परळ

सगळ्यांचे मनापासून आभार, कालपासून हेच करतेय. ग्रँट रोडच्या काकांनी सांगितलेलं काल सातला केलं. कॉल गोठला तसा लगेच १९२.१६८.१.१ टाकला, पान उघडलं नाही. त्याच वेळी हॉलमध्ये माझ्या फोनचा मोबाइल डेटा बंद करून तेच पान उघडलं, लगेच आलं, अपटाइम सहा दिवस. म्हणजे राउटर बंद पडत नव्हता, लाइनही जात नव्हती, टॅब आणि राउटरमध्येच काहीतरी आहे. नेटवाल्यावर मी उगाच चिडले होते.

आज ॲप टाकून चालले. राउटरपाशी वजा ४२, आतल्या दारात वजा ५८, आणि पलंगावर वजा ८१. दारापासून पलंग जेमतेम सहा पावलं. मधे आहे आईचं लोखंडी कपाट, पूर्ण उंचीचा आरसा लावलेलं. बाबांचा पलंग ऑपरेशननंतर खिडकीकडून हलवून आम्ही बरोबर त्या कपाटाच्या मागे आणला, हवा लागू नये म्हणून. आणि टॅब पण तेव्हाच घेतला, म्हणून आम्हाला वाटत राहिलं टॅबच खराब.

वरळी

मिळालं! लोखंड आणि आरसा दोन्ही वाईट, आरशाच्या मागचा मुलामा धातूचाच असतो. कपाट हलवता येतं का बघा, नाहीतर राउटर हलवा. आणि २.४ आणि ५ ला नाव एकच आहे का वेगवेगळं? एकच असेल तर टॅब दाराजवळ ५ पकडतो आणि पलंगावर नेल्यावर तेच धरून बसतो सुटेपर्यंत, मग २.४ वर उडी मारताना कॉल पडतो. ५ वेगवान असतं पण भिंती-कपाटं त्याला जास्त अडवतात.

कुर्ला

मधेच लिहितोय पण कुणाला तरी लागेल. माझा टॅब घरी उत्तम, स्टेशनच्या फुकट वायफायला मात्र जोडला जायचा आणि ओटीपी टाकायचं पानच यायचं नाही. मुंबई सेंट्रलला २०१६ मध्ये ही सोय पहिल्यांदा आली तेव्हापासून मी वापरतोय, फोनवर कधी अडलं नाही. कारण निघालं प्रायव्हेट डीएनएस, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधायला ठरवून दिलेला वेगळा सर्व्हर, मुलाने जाहिराती बंद करायला टॅबवर लावून दिलं होतं. अँड्रॉइड ९ पासून सेटिंगमध्ये असतं, "ऑटोमॅटिक" केलं आणि पान आलं.

परळ

कपाट हलवणं शक्य नाही, आईच्या लग्नातलं आहे आणि खोलीत दुसरी भिंतच मोकळी नाही. नाव एकच होतं दोन्हीला. ते वेगळं केलं, टॅबमधून ५ वालं फॉरगेट केलं, फक्त २.४ ठेवलं. २.४ वर आजूबाजूची २३ नेटवर्कं दिसली, बिल्डिंगला बिल्डिंग चिकटलेली, आणि बहुतेक सगळी १ आणि ६ या चॅनलवर (पट्ट्यातल्या मार्गिकांवर), म्हणून चॅनल ऑटोवरून ११ केला आणि विड्थ, म्हणजे मार्गिकेची रुंदी, ४० ची २० केली. मग दहा मीटरची लॅन वायर आणून राउटर हॉलच्या दारावरून आतल्या दाराच्या वरच्या फळीवर आणला, तिथून कपाटाच्या वरून सरळ पलंग दिसतो. आता पलंगावर वजा ५७.

आज सातला कॉल लागला तो पावणेआठपर्यंत. पोरीने तेराचा पाढा म्हणून दाखवला, मधे दोनदा चुकली, बाबांनी दोन्हीदा सांगितलं, आणि मग तिने परत पहिल्यापासून म्हटला.

काका, अॅडॅप्टर हाताला चांगलाच गरम लागतोय आमचा पण, पाच वर्षांचा आहे. शनिवारी तिकडे येऊन नवीन घेते, काय बघून घ्यायचं?

ग्रँट रोड

जुना बरोबर आणा. व्होल्ट तेवढेच पाहिजेत, १२ ला १२. अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात, कमी नको. पिनची जाडी आणि प्लस आत की बाहेर ते लेबलवरच्या खुणेवरून जुळवून देतो. दुकान अकराला उघडतं.