प्रतिसाद: टोकन देऊन अडकवणारी पार्टी

तुम्ही विकत असलेल्या नवी मुंबईतल्या घणसोलीच्या फ्लॅटसाठी टोकन दिलेली पार्टी (खरेदीदार) दोन महिने 'लोन होतंय' म्हणतेय आणि आता आधी रजिस्ट्रेशन करा म्हणते, असं तुम्ही लिहिलंय. कृपया एवढ्यावर अॅग्रीमेंट रजिस्टर करू नका. एकदा नोंदणी झाली की व्यवहार इंडेक्स टू वर (नोंदणी कार्यालयाच्या व्यवहार-नोंदीच्या उताऱ्यावर) दिसतो. तो मोडायला दोघांच्या सह्यांचं रद्दलेख रजिस्टर करावं लागतं, आणि ती सही मिळेपर्यंत नवीन खरेदीदाराची बँक सर्च रिपोर्टवरच (मालकीच्या नोंदींच्या तपासणीवरच) अडते. खरं नुकसान इथे होतं, टोकनच्या रकमेत नाही.

आधी पार्टीकडे बँकेचं सँक्शन लेटर (लोन मंजुरीचं पत्र) मागा. ते सुद्धा निव्वळ पार्टीच्या उत्पन्नावर मिळालेलं असू शकतं. बँकेकडून तुमच्या फ्लॅटचं लीगल (कागदपत्रांची तपासणी) आणि व्हॅल्युएशन (किंमत ठरवणं) झालंय का, हे वेगळं विचारा. जमीन सिडकोच्या (नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी संस्थेच्या) लीजवर असेल तर ट्रान्सफरचा खर्च कोणाचा, हेही आत्ताच कागदावर घ्या. लोन सोडून पार्टीचा स्वतःचा हिस्सा नोंदणीआधी तुमच्या खात्यावर यायला हवा. रोख घेऊ नका, जमीन-घराच्या व्यवहारात रोखीला २०,००० रुपयांची मर्यादा आहे.

आज लेखी नोटीस द्या: १५ दिवसांत सँक्शन आणि हिस्सा, नाहीतर व्यवहार रद्द. फर्निचरच्या कामासाठी चावी मागितली तर पूर्ण पैसे मिळेपर्यंत देऊ नका.