मदत हवी आहे: कुजबुज ऐकली की टाळूत शिरशिरी उठते, हे नवऱ्याला कसं सांगू?

नमस्कार. इथं बरीच वर्षं वाचते आहे, लिहिते पहिल्यांदाच. राहणार म्हार्दोळ, गोवा, वय ३४, लग्नाला सहा वर्षं झाली. घरी आम्ही कोंकणी बोलतो, पण मनातलं लिहायचं झालं की हात मराठीतच चालतो. विषय नाजूक आहे, ओळखीच्या कोणाला विचारायचं धाडस होत नाही.

आधी ती संवेदना सांगते. लहानपणी आजी दुपारी मागच्या दारी बसवून माझ्या केसांत तेल घालायची आणि बारीक दातांच्या फणीने उवा काढायची. केसांचा एकेक पदर नखाने बाजूला सारायची, तोंडाने काहीतरी पुटपुटत. तेव्हा टाळूच्या मागून काहीतरी सुटायचं. गार, मऊ, बारीक मुंग्यांची रांग मानेवरून खाली खांद्यांपर्यंत उतरावी तसं. डोळे जड व्हायचे. आजीने थांबूच नये असं वाटायचं. उवा संपल्या तरी मी 'अजून आहेत' म्हणून खोटं सांगायचे. काटा म्हणावं तर भीती नाही, थंडी नाही. मुंग्या म्हणावं तर पाय बधिर झाल्यावर येतात तशा त्या त्रासदायकही नाहीत. शिरशिरी हाच शब्द त्यातल्या त्यात जवळचा.

शाळेत बाई शेजारी बसून माझी वही तपासायच्या, लाल पेनाचा कागदावर चरचर आवाज यायचा, तेव्हाही तेच. जायांच्या, म्हणजे जाईच्या फुलांच्या, पूजेच्या दिवसांत शेजारची मावशी व्हरांड्यात फाती, म्हणजे त्या फुलांचे गजरे, करायला बसते. केळीच्या सोपटाचा ओला धागा, दोन बोटांत धरलेल्या जाया, प्रत्येक गाठीला होणारा अगदी हलका चुटूक आवाज. मावशीचं माझ्याकडे लक्षही नसतं, तरी मी समोर तासभर बसून राहते.

आणि चुडा. लग्नाच्या आधी काकणकार आला होता. त्याने माझा हात दोन्ही हातांत घेतला, अंगठ्याच्या मुळाशी दाबून हाडं जवळ आणली आणि हिरवी काकणं एकेक करून सरकवली. मान खाली, बोलणं नाही, सगळं चित्त माझ्या मनगटावर. घरात चाळीस माणसं, बायकांची गाणी, आणि माझ्या टाळूत ती रांग सुरू. डोळ्यांत पाणी आलं. आईला वाटलं सासरी जायचं म्हणून रडते.

या सगळ्याला काही नाव असेल असं कधी वाटलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी बाबा गेले आणि माझी झोप उडाली. एका रात्री मोबाइलवर एक व्हिडिओ लागला. एक बाई हळू आवाजात बोलत टॉवेलच्या घड्या घालत होती. पाचव्या मिनिटाला तीच शिरशिरी, आजीची. वीस वर्षांनी. त्या रात्री मी झोपले. याला एएसएमआर म्हणतात हे मग कळलं. तेव्हापासून रात्री इअरफोन लावून ऐकते.

आता अडचण. गेल्या पावसाळ्यात वीज गेली होती, मी अंधारात पडून ऐकत होते. नवऱ्याने सहज दुसरा इअरफोन आपल्या कानात घातला. त्यातली बाई कुजबुजत होती, आता तुझ्या कपाळावरून हात फिरवते, डोळे मीट. त्याने इअरफोन काढला आणि म्हणाला, "हें कितें आयकता गो तूं?" मी गडबडून मोबाइल उलटा ठेवला. पुढे काही बोलला नाही. तीन दिवसांनी जेवण झाल्यावर विचारलं, "माझ्याबरोबर तुला असं होतं?"

नाही होत. हे मी त्याला सांगू शकले नाही. तो माणूस अतिशय चांगला आहे. केसांतून हात फिरवतो तेव्हा बरं वाटतं, पण ती रांग सुटत नाही. एका अनोळखी बाईच्या आवाजाने होतं, काकणकाराच्या हाताने झालं, आणि ज्याच्याशी आयुष्य बांधलं त्याच्या हाताने नाही. आमच्यात काही उणं आहे का? ही वासनेचीच एखादी छुपी तऱ्हा आहे का, जी मला कळत नाही? मला तसं वाटत नाही, पण खात्री कशी करायची? ज्यांना हा अनुभव आहे त्यांनी कृपया लिहा.

—

निळी छत्री

ताई, तुमचं आजीचं वर्णन वाचून मानेवर रांग सुटली. एकट्या नाही तुम्ही.

एएसएमआर हे नाव २०१० मधलं आहे, जेनिफर ॲलन नावाच्या अमेरिकन बाईंनी दिलेलं: ऑटोनॉमस सेन्सरी मेरिडियन रिस्पॉन्स. मुद्दाम असं जड, दवाखान्यातल्यासारखं ठेवलं. कारण त्याआधी लोक इंटरनेटवर याला 'मेंदूचा कामानंद' अशा अर्थाचं नाव लावत होते, आणि त्यामुळे ज्यांना तसलं काही होत नव्हतं ते बोलायलाच लाजत होते. म्हणजे तुमच्या नवऱ्याला जी शंका आली तिच्याशी या नावाची पहिल्यापासून झटापट चालू आहे.

२०१५ मध्ये इंग्लंडशेजारच्या वेल्समधल्या स्वान्सी विद्यापीठातल्या दोघांनी ४७५ लोकांना विचारून पहिला मोठा अभ्यास छापला. ८२ टक्के लोक झोपेसाठी बघतात, ७० टक्के ताण उतरवायला. लैंगिक सुखासाठी म्हणणारे फक्त ५ टक्के. बहुतेकांना पहिला अनुभव ५ ते १० या वयात आलेला. तुमच्या फणीच्या वयात. हे सगळे एएसएमआरच्या गटांमधून आलेले लोक होते, त्यामुळे सगळ्या जगाचा हिशेब म्हणून हे आकडे धरू नयेत. पण तुमच्या प्रश्नापुरते पुरेसे बोलतात.

—

मध्यरात्र

मला याच्या अगदी उलट होतं. कोणी कुजबुजलं, चघळलं, की डोक्यात तिडीक जाते, उठून जावंसं वाटतं. याला मिसोफोनिया म्हणतात. एवढंच सांगायला आलो की तुमचा नवरा इअरफोन काढून टाकताना तुमच्यावरच चिडला असेल असं नाही. काहींना तो आवाजच सोसत नाही. एकदा विचारून बघा.

—

हळदीचं पान

मी फिजिओथेरपिस्ट आहे, रोज माणसांच्या पाठीवर, मानेवर हात असतो. दोन गोष्टी लिहिते.

वासना की नाही, हे शरीरालाच विचारता येतं. २०१८ मध्ये शेफील्डच्या संशोधकांनी असे व्हिडिओ दाखवून हृदयाचे ठोके मोजले. ज्यांना शिरशिरी येते त्यांचे ठोके मिनिटाला सरासरी तीनने कमी झाले. कामभावनेत ठोके वाढतात, श्वास वाढतो. मात्र त्याच वेळी त्यांच्या त्वचेची घामाची प्रतिक्रिया थोडी वाढली होती, म्हणजे हे नुसतं पेंगणंही नाही. शांत आणि जागं, दोन्ही एकदम. तुम्ही लिहिलंय ना, डोळे जड होतात पण थांबू नये असं वाटतं, तेच.

दुसरी गोष्ट स्पर्शाची. आपल्या केसाळ त्वचेत, हातावर, पाठीवर, एक वेगळ्या जातीचे मज्जातंतू असतात. हात सेकंदाला एक ते दहा सेंटिमीटर या वेगाने फिरला तरच ते नीट जागे होतात. आई बाळाला ज्या वेगाने कुरवाळते तो हा वेग. ते 'कुठे लागलं' हे सांगत नाहीत, 'कोणीतरी माझी काळजी घेतंय' एवढंच मेंदूला पोचवतात. एएसएमआर हेच तंतू घडवतात असं मी म्हणणार नाही, व्हिडिओत स्पर्श नसतोच. पण तुमच्या यादीत काय आहे ते बघा: फणी, वही तपासणं, काकणं भरणं, फाती करणं. सगळीकडे एक माणूस संथपणे, मन लावून काम करतंय आणि तुमच्याकडून त्याला काहीही नको आहे. फाती करणारी मावशी तर तुमच्याकडे बघतही नाही.

नवऱ्याचा हात केसांत येतो तेव्हा तुमच्या मनात काहीतरी सुरू होत असेल. याला काय हवं असेल, मी काय म्हणावं, आता येईल का ती शिरशिरी. माझ्या टेबलावर पडलेली माणसंसुद्धा मी 'सैल सोडा' म्हटलं की जास्त ताठतात. उणं काही नाही. प्रेमाच्या माणसाच्या स्पर्शाला उत्तर द्यावं लागतं, काकणकाराला द्यावं लागत नाही.

—

तिठा

वरच्या सगळ्यांशी सहमत, पण एक बाजू राहून जाऊ नये. ५ टक्के कमी असले तरी ती माणसंच आहेत. काहींना या आवाजांनी कामभावना जागी होते, आणि त्यांच्यासाठी बनवलेले व्हिडिओही असतात. २०१८ मध्ये चीनमध्ये अश्लीलताविरोधी खात्याने संकेतस्थळांना असले व्हिडिओ साफ करायला लावले, तेव्हा टॉवेलच्या घड्या घालणारेही त्या फेऱ्यात आले. म्हणून नवऱ्याला 'यात तसलं काहीच नसतं' असं सरसकट सांगू नका. उद्या त्याला एखादा भलताच व्हिडिओ दिसेल आणि तुमचा शब्द खोटा ठरेल. 'मला तसं होत नाही' एवढं सांगा. ते खरं आहे.

—

माडांमागे

मी डिचोलीचा. ताई, मी तुमच्या नवऱ्याच्या जागी होतो, म्हणून लिहितो. माझी बायको ब्रश माइकवर फिरवण्याचे आवाज ऐकायची. मला लागलं ते त्या आवाजामुळे नाही. मी खोलीत आलो की तिने मोबाइल उलटा ठेवला, ते लागलं. रात्री अंथरुणात माझ्या शेजारी झोपून ती दुसऱ्या कोणाच्या तरी आवाजाकडे पाठ करून नाही, तोंड करून झोपते आहे असं वाटायचं. सात-आठ महिने मी काही बोललो नाही. आता लिहितानासुद्धा वाईट वाटतं, बोलायला हवं होतं.

तुम्ही त्याला पहिल्यांदा व्हिडिओ दाखवू नका. आजी सांगा. काकणकार सांगा. गोव्यातल्या कुठल्या पुरुषाने आपल्या बायकोचा हात काकणकाराच्या हातात बघितलेला नाही? सगळ्या मांडवासमोर परका माणूस नवरीचा हात दाबतो आणि कोणाच्या मनात काही येत नाही, कारण तो काय करतोय हे सगळ्यांना ठाऊक असतं. कुजबुजणाऱ्या बाईचं तेवढंच राहिलंय, ती काय करते ते त्याला ठाऊक नाही.

—

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. हळदीचं पान, 'उत्तर द्यावं लागत नाही' हे वाक्य मी तीनदा वाचलं. तसंच होतं माझं. त्याचा हात आला की मी आतल्या आत तयारीला लागते.

माडांमागे, तुमचं वाचून रडले. मी मोबाइल उलटा ठेवला होता. त्याचा अर्थ त्याला काय लागला असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. लाज होती ती माझी, लपवाछपवी नव्हती. आज संध्याकाळी बोलते.

—

धागाकर्ती

चार दिवसांनी लिहिते आहे.

बोललो आम्ही. व्हरांड्यात, पाऊस होता, सासूबाई आत टीव्हीसमोर. आजीपासून सुरू केलं. उवांचं खोटं सांगितलं तेव्हा तो हसला. चुड्याचं सांगितलं तेव्हा गप्प झाला आणि म्हणाला, त्या दिवशी तू रडत होतीस असं तुझी आई अजून सांगते. मग मी सांगितलं, की तुझ्याबरोबर होत नाही. सांगून टाकलं. तो बराच वेळ पागोळ्यांकडे बघत बसला. मग म्हणाला, शाळेत असताना केस कापायला बसलो की न्हावी मानेवर वस्तरा फिरवायचा, कानामागे, तेव्हा मला झोप यायची, तसलं काय? तसलंच, म्हटलं. न्हाव्यावर माझं प्रेम नव्हतं, असं तो म्हणाला.

व्हिडिओ त्याने ऐकला. त्याला काहीच झालं नाही, ती बाई तोंडाने जो ओला आवाज करते तो त्याला अजिबात आवडला नाही. मध्यरात्र, तुमचं बरोबर होतं.

काल रविवार. तो म्हणाला, काही बोलू नको, मला उत्तर देऊ नको, मी माझं काम करतो. मला पाठमोरी बसवलं आणि केसांचा गुंता काढायला लागला. पावसात केस वाळत नाहीत, गाठी झाल्या होत्या. एकेक गाठ, खालून वर. त्याला जमत नव्हतं, मध्येच ओढलं जात होतं, तो 'सॉरी' म्हणायचा आणि मी उत्तर द्यायचं नाही म्हणून गप्प. रांग सुटली नाही. एकदा कानामागे सुटेल असं वाटलं, तेवढ्यात सासूबाईंनी चहाला हाक मारली.

एक शेवटचं विचारते. रोज ऐकून ऐकून ही शिरशिरी बोथट होते, काही दिवस बंद ठेवली की परत येते, असं बऱ्याच ठिकाणी वाचलं. कोणी असा खंड पाडून बघितला आहे का, आणि किती दिवसांचा? मी कालपासून इअरफोन खणात ठेवले आहेत. झोप अजून लागत नाही, पण गुंता रोज काढायचा असं ठरलं आहे.