प्रीपेड हॉटेल पास: आधी तारखा बघा

तुम्ही विचारलंय की ‘मोजकेच शिल्लक’ म्हणून विकतायत तो ५ रात्रींचा हॉटेल पास घ्यावा का, तर मुलांच्या शाळेच्या सुट्ट्यांवर अवलंबून असाल तर अजिबात नको. आम्ही घेतलेला, दिवाळीत महाबळेश्वरसाठी फोन केला तर म्हणे पासच्या खोल्या संपल्या आणि त्याच तारखेला तेच हॉटेल अ‍ॅपवर पैसे भरून मिळत होतं, इतका राग आला ना! शेवटी पास वाया जाऊ नये म्हणून जुलैत एका मंगळवारी गेलो, खिडकीबाहेर नुसतं धुकं आणि टॉवेल तीन दिवस ओलेच. आईबाबा रिटायर्ड असतील, मधल्या वारी जाऊ शकत असतील तर मात्र घ्या, फक्त ब्लॅकआउट तारखा (ज्या दिवशी पास चालत नाही), जेवण आणि जीएसटी (रात्रीला ७५०० रुपयांपर्यंतच्या खोलीला सध्या ५ टक्के, वर १८) सगळं लेखी मागून घ्या.