नवा अ‍ॅम्प्लिफायर घेण्याआधी खोलीला गाद्या लावा. पटतं का?

कपाशी_आर्णी
आमच्याकडे कवेलूची (कौलारू) घरं जाऊन स्लॅबची आली आणि एक तक्रार घरोघरी ऐकू येऊ लागली: "जुन्या घरात हेच स्पीकर गोड वाजायचे, आता नुसते खणाणतात." मग माणूस आणखी मोठा अ‍ॅम्प्लिफायर आणतो. माझ्या मते तो पैसा पाण्यात जातो, कारण दोष खोलीत आहे. सिमेंटचा गिलावा आणि टाइल्स आवाजाचा जेमतेम दोन-तीन टक्के भाग शोषतात, बाकी सगळा परत फेकतात. १० बाय १२ ची, १० फूट उंच, रिकामी खोली घ्या. आवाज ६० डेसिबलनं उतरायला, म्हणजे जवळजवळ विरायला, तिथे ३ सेकंदांच्या वर लागतात. गायक पुढच्या शब्दावर गेला तरी मागचे शब्द खोलीत फिरतच असतात. घरात ऐकायला अर्धा सेकंद भरपूर झाला.

हे गणित अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सबाइन यांचं. हार्वर्ड विद्यापीठाच्या एका नव्या व्याख्यान-सभागृहात बोललेलं काही कळत नव्हतं. १८९५ पासून त्यांनी जवळच्या नाट्यगृहातल्या आसनांच्या गाद्या रात्री आणून मांडल्या आणि दर वेळी आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजलं.

आपला तर कापसाचाच मुलूख. भाव वाढायची वाट पाहत खोलीत कापूस भरून ठेवलेला असतो ना, तिथे जाऊन एक टाळी वाजवा. टाळी हातातच संपते. चार इंच जाडीच्या कापसाच्या चार गाद्या भिंतीपासून चार बोटं सोडून टांगल्या, तर ३ सेकंदांचा १ सेकंदही राहत नाही. पलंग, कपडे, माणसं आली की आणखी उतरतो. जागा शोधायला आरसा घ्या. तुम्ही ऐकायच्या जागी बसा, दुसऱ्यानं आरसा भिंतीवरून सरकवत न्यावा. जिथे स्पीकर दिसेल तिथे गादी.

टिनाखालचा_दर्यापूर
अजिबात पटत नाही. त्याच खोलीत म्हातारे आईवडील झोपतात, धान्याची पोती असतात, कूलर असतो. भिंतीला कापूस टांगला की पावसाळ्यात कुबट वास येणार, उंदीर घर करणार. खेड्यातली वायरिंग कशी असते ते सगळ्यांना माहीत आहे. एक ठिणगी पडली तर?

आणि बेसचं काय? बेसमधल्या १०० हर्ट्झच्या आवाजाची लाट ३.४ मीटर लांब, तिचा पाव भाग ८५ सेंटीमीटर, आणि ती नीट शोषायला थर साधारण तेवढा जाड हवा. चार इंचाची गादी तिला काय अडवणार? १० फुटांवरच्या समोरासमोरच्या भिंतींमध्ये ५६ हर्ट्झच्या आसपास जो गुमगुमाट होतो तो तसाच राहणार. त्यापेक्षा स्पीकर कोपऱ्यातून दोन-तीन फूट बाहेर ओढा. कोपरा बेस फुगवतो. यात एक रुपया लागत नाही.

वऱ्हाडी_पोट्टा
भाऊ, अंड्याचे ट्रे लावले त जमते का? सस्त्यात काम होते.

कपाशी_आर्णी
@वऱ्हाडी_पोट्टा नाही जमत. पातळ पुठ्ठा आहे तो, फार तर वरच्या पट्टीतला थोडा आवाज खातो. आणि पेटायला कापसापेक्षा मागे नाही.

@टिनाखालचा_दर्यापूर स्पीकर ओढा, जरूर ओढा. पण त्यानं खणखणाट जात नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी भजनं स्लॅबच्या खोलीत लावून बघा. खंजिरीच्या चकत्यांचा छणछणाट भिंतींवर असा नाचतो की त्याखाली शब्द बुडतात, आणि भजनात शब्दच गेले तर उरलं काय? गादी नेमकी तिथेच काम करते. बेससाठी कोपऱ्यात खालपासून वरपर्यंत गोधड्यांची जाड चळत लावा, थोडा फरक पडतो. आगीचं म्हणणं खरं आहे. म्हणून बोर्ड आणि वायर असलेली भिंत सोडायची, यावर तडजोड नाही. गाद्या उन्हाळ्यात उन्हात टाकायच्या, पावसाळ्यात काढून अंथरायच्या.

सूरपेटी_वर्धा
मी मुलींना गाणं शिकवते. एका विद्यार्थिनीच्या घरी हौसेनं चारी भिंती गाद्यांनी मढवल्या होत्या. तिथे गाताना गळा ताणावा लागतो, आवाज परत येतच नाही. मुली नकळत जोर लावतात. ऐकण्यासाठी खोली शांत करा, पण रियाजाच्या खोलीत एखादी भिंत उघडी हवीच.

मोबाइल_डीजे
एवढा पसारा कशाला? इक्वलायझरमध्ये त्रास देणारी पट्टी खाली करा. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून गाद्या लावत असाल तर गोष्ट वेगळी.

कपाशी_आर्णी
इक्वलायझर स्पीकरमधून निघणारा आवाज कमी-जास्त करतो, निघाल्यावर तो किती वेळ घुमेल ते खोली ठरवते. शेजाऱ्याकडे जाणारा आवाज तर गादीनं थांबतच नाही. त्याला वजनदार भिंत लागते, दाराच्या फटी बुजवाव्या लागतात.

टिनाखालचा_दर्यापूर
तुमचं सगळं गणित स्लॅबवाल्यांचं. आमच्याकडे जुलैत सर आली की गाणंच ऐकू येत नाही, मे महिन्यात कूलरची घरघर. उन्हासाठी आम्ही टिनावर पऱ्हाट्या (कापसाची वाळलेली झाडं) टाकतो. यंदा त्या पाऊस लागल्यावरही काढल्या नाहीत. थेंब सरळ पत्र्यावर पडत नाही, तडतड बरीच कमी झाली. असं काही सांगत असाल तर ऐकतो. म्हाताऱ्यांच्या उशाशी कापूस मात्र टांगणार नाही.