हंगामाच्या मध्यात रिकर्व्ह बिघडलं: दोरी, ब्रॉडहेड आणि सराव

प्रश्न
मिशिगनमध्ये धनुष्याने हरणांच्या शिकारीचा हंगाम १ ऑक्टोबरपासून चालू आहे. धनुष्य ६० इंची रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं), ओढ ४५ पौंड, डॅक्रॉनची (पॉलिएस्टर धाग्याची) नवी दोरी. नेम उजव्या हाताने. गेल्या महिन्यापर्यंत सगळं ठीक होतं. आता धनुष्य आवाज करतं, दोरी मनगटाला लागते. १५ यार्डांवर फील्ड पॉइंट (सरावाची साधी टोकं) जागेवर बसतात, पण तेवढ्याच वजनाचे ब्रॉडहेड (शिकारीची धारदार टोकं) चार इंच डावीकडे जातात. काय बदलू? रोज सराव किती करावा?

उत्तर १
आधी ब्रेस हाइट मोजा: धनुष्याच्या मुठीच्या सर्वात खोल भागापासून दोरीपर्यंत. तुमच्या धनुष्याच्या लांबीला साधारण साडेसात ते सव्वाआठ इंच हवं. बनवणाऱ्याने दिलेला आकडा असेल तर तोच धरा. नवी डॅक्रॉन ताणली जाते, मग हे अंतर घटतं. आवाज आणि मनगटावरचा फटका त्याचाच. बाणही जरा कडक वागतो, म्हणजे सुटताना कमी वाकतो, म्हणून उजव्या हाताने मारताना डावीकडे.

दोरी उतरवा, एक फास काढून आधीच्याच दिशेने चार-पाच पीळ द्या, चढवा, दहा बाण मारा, परत मोजा. चढवताना स्ट्रिंगर (दोरी चढवायची वेगळी दोरी) वापराच, नाहीतर पाती (धनुष्याचे मुठीच्या वरचे-खालचे लवचिक भाग) पिळतात. पीळ दिल्यावर नॉकिंग पॉइंट (दोरीवर बाण लावायची खूण) सरकतो, तोही तपासा. योग्य आकडा मिळाला की पातीच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवा.

उत्तर २
तरीही डावीकडेच गेले तर टोकाचं वजन वाढवा, १२५ ग्रेनचं (ग्रेन म्हणजे टोकं मोजायचं छोटं वजन) १४५. फील्ड पॉइंटही तेवढेच जड घ्या. त्याआधी ब्रॉडहेडचं टोक टेबलावर टेकवून बाण उभा फिरवा. टोकामागचा भाग थरथरला तर ते वाकडं बसलंय, आणि तो बाण कितीही ट्यून केलात तरी सरळ जाणार नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला.

उत्तर ३
सरावाबद्दल: हंगामात पन्नास बाण नकोत. थकलेल्या खांद्याने सोडताना बोटं चुकतात आणि तीच सवय लागते. सकाळी अंग गरम न करता एकच बाण, ब्रॉडहेडचा, वेगळ्या फोम टार्गेटवर. रानातही पहिलाच बाण मिळतो. संध्याकाळी आठ-दहा पुरे, पण शिकारीचंच जाड जॅकेट घालून, आर्म-गार्ड (हाताला दोरी लागू नये म्हणूनचा पट्टा) बाहीच्या वरून बांधून. सैल बाहीला दोरी घासली की बाण भरकटतो. निम्मे बाण बसून मारा, खालची पाती मांडीला किंवा मचाणाला लागते का ते तेव्हाच कळतं.

आणि चढवलेलं धनुष्य उन्हात बंद गाडीत ठेवू नका, पात्यांच्या थरांमधला गोंद सुटतो.