लेखन कट्टा: रविवारच्या बैठकीची तयारी

ए-३०२ (ताई)
नमस्कार मंडळी. रविवारी संध्याकाळी ५ वाजता क्लबहाउसमध्ये बसतोय. चार जण वाचणार आहेत: दोन कथा, एक ललित, एक गझल. हॉल ७ वाजता योगवर्गासाठी रिकामा करून द्यायचा आहे. वाचणाऱ्यांनी मजकूर शुक्रवार रात्रीपर्यंत इथे कट्ट्याच्या ग्रुपवर टाकावा. सोसायटीच्या मोठ्या ग्रुपवर टाकू नका, त्याचं कारण नाना सांगतीलच.

डी-२०२
ताई, मी पहिल्यांदाच येणार आहे. कथा २४०० शब्दांची आहे. सगळी वाचता येईल का?

बी-१०१ (नाना)
सगळी नको. मोठ्याने वाचताना मिनिटाला १०० ते १२० शब्द होतात. त्याहून पळवलं तर संवादात कोण बोलतंय तेच ऐकणाऱ्याला कळत नाही. म्हणजे २४०० शब्दांना २० ते २४ मिनिटं नुसत्या वाचनात गेली. आपल्याकडे १२० मिनिटं आहेत, त्यातली १५ खुर्च्या लावणं, उशिरा येणारे आणि चहा यांत जातात. उरलेल्या १०५ मध्ये चार जण, म्हणजे प्रत्येकी २५ धरा. त्यात वाचन १० मिनिटं आणि चर्चा १५. तेव्हा १००० ते ११०० शब्दांचा तुकडा निवडा.

सुरुवातच वाचली पाहिजे असं काही नाही. जिथे तुमचं स्वतःचं अडलंय तो भाग आणा. त्याआधी दोन-तीन वाक्यांत पात्रं कोण आणि आपण कुठे आहोत एवढंच सांगा. कथेचा आशय आधी सांगू नका. तो सांगितला की ऐकणारे मजकुरात नसलेलंही भरून घेतात आणि तुम्हाला वाटतं, सगळं पोचलं.

डी-२०२
बरं नाना. प्रिंट काढून आणू का?

ए-३०२ (ताई)
हो, ८ प्रती पुरतात, दोघांत एक. ए-फोर कागद, १४ पॉइंट, ओळींत दीडपट अंतर, उजवीकडे दोन बोटं समास. आणि ओळींना क्रमांक द्याच. गूगल डॉक्समध्ये 'टूल्स'मध्ये 'लाइन नंबर्स' आहे, वर्डमध्ये 'लेआउट'मध्ये. क्रमांक नसले की 'ते मधे कुठेतरी, ती बाई येते ना, तिथे' असं शोधण्यातच दोन-दोन मिनिटं जातात. क्रमांक असला की 'ओळ १७' म्हटलं आणि सगळ्यांची बोटं तिथे.

सी-६०४
ग्रुपवर टाकताना पीडीएफच टाका. श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली वर्डची फाइल मोबाइलवर उघडली की नुसती चिन्हं दिसतात. कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणली असेल तर 'ऱ्या', 'ॲ' आणि रफार असलेले शब्द एकदा डोळ्यांखालून घाला. बिघाड हमखास तिथेच असतो. 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' होतं आणि वाचणारा भर बैठकीत अडखळतो.

बी-५०३ (काकू)
नवीन मंडळींसाठी पद्धत सांगते. लेखकाने वाचून झाल्यावर एक मिनिट कोणी बोलायचं नाही, समासात खुणा करायच्या. मग एकेकाने बोलायचं. आधी काय ऐकू आलं ते, म्हणजे 'मला ही गोष्ट सासू-सुनेची नाही, घराच्या वाटणीची वाटली' असं. त्यानंतर ओळ क्रमांकासह अडचण. या १५ पैकी पहिली १२ मिनिटं लेखकाने गप्प राहून लिहून घ्यायचं. शेवटची ३ मिनिटं त्याची, त्यात त्याने प्रश्न विचारावेत.

गप्प बसण्याचा नियम कडक वाटतो, पण त्याला कारण आहे. लेखकाने खुलासा सुरू केला की ऐकणारे त्या खुलाशावर बोलायला लागतात, कागदावरचं तसंच राहतं. दिवाळी अंक वाचणाऱ्याच्या शेजारी तुम्ही खुलासा करायला बसलेले नसणार.

आणि 'छान', 'मस्त', 'हृदयस्पर्शी' हे शब्द ग्रुपवर हवे तितके लिहा, बैठकीत त्यांचा उपयोग नाही. छान वाटलं तर कोणत्या ओळीला वाटलं ते सांगा. लेखकाला काय ठेवायचं हेही कळायला हवं, नाहीतर दुरुस्तीच्या भरात चांगलंच कापलं जातं.

सी-६०४
काकू, गझलेचा मतला, म्हणजे पहिला शेर, आत्ताच टाकतो. वृत्त आनंदकंद आहे. पहिल्या ओळीत काहीतरी लचकतंय, सापडत नाही.

*अंगणात थांबलेला पाऊस आत येतो*
*वाटेत सांडलेली घेऊन रात्र येतो*

बी-५०३ (काकू)
आनंदकंद म्हणजे गागालगा लगागा, दोनदा. गा म्हणजे गुरू अक्षर, दोन मात्रा; ल म्हणजे लघु, एक मात्रा. अर्ध्या ओळीत १२ मात्रा, पूर्ण ओळीत २४. आता तुमचा पहिला अर्धा भाग मोजू. अं गुरू, ग लघु, णा गुरू, त लघु, थां गुरू, ब लघु, ले गुरू, ला गुरू. दुसऱ्या जागी गुरू हवा, तिथे 'ग' लघु आलाय, आणि मात्रा १३ झाल्या. 'पाऊस आत येतो' मात्र चोख आहे.

ही चूक कानाला का सापडत नाही ते बघा. बोलताना आपण 'अंगणात' म्हणतच नाही, 'अंग्णात' म्हणतो. तसं म्हटलं की गागाल बसतं आणि चाल पुढे निघून जाते. वृत्तात तो 'ग' पुरता मोजावा लागतो. 'करवत', 'चिमणी', 'परतणे', अशा मधलं अक्षर गिळल्या जाणाऱ्या सगळ्या शब्दांत हाच धोका. म्हणून आधी चालीवर म्हणू नका, अक्षर न् अक्षर सुटं करून बोटांवर मोजा, मग चालीवर घ्या.

बी-१०१ (नाना)
'दारात' केलं तर? दा-रा-त-थां, ब-ले-ला. गागालगा लगागा. शिवाय अर्थही जवळ येतो. अंगणातला पाऊस बाहेरचाच असतो. दारात थांबलेला पाऊस उंबऱ्यावर आहे, त्याचं आत येणं ही घटना होते.

बी-५०३ (काकू)
अगदी बरोबर नाना. दुसऱ्या ओळीत वृत्त ठीक आहे, पण काफिया, म्हणजे यमक, तुटलाय. रदीफ, म्हणजे शेवटी तसाच परत येणारा शब्द, 'येतो'; त्याआधीचा काफिया 'आत'. त्याला 'रात्र' जुळत नाही, 'रात' घ्यावं लागेल. एकदा मतल्यात 'आत-रात' ठरलं की पुढच्या प्रत्येक शेरात हात, जात, प्रभात असंच चालवायचं. 'साथ' चालणार नाही, तिथे त नाही, थ आहे. घाईत हे फार होतं.

सी-६०४
कळलं. तिसऱ्या शेरात 'पुण्यात' आलंय. 'पु' गुरू धरू ना? पुढे जोडाक्षर आहे.

बी-५०३ (काकू)
गाव असेल तर लघु. जोडाक्षराचा आघात मागच्या अक्षरावर पडला तरच ते गुरू होतं. पाप-पुण्यातलं 'पुण्य' म्हणताना 'पु'वर जोर येतो, तिथे गुरू. 'पुण्यात राहतो' म्हणताना येत नाही, तिथे लघु. तसंच 'दिव्य' आणि 'दिव्याला': पहिल्यात 'दि' गुरू, दुसऱ्यात लघु. 'तुझ्या' लगा, 'दुसऱ्या' ललगा. नियम डोळ्यांनी लावू नका, उच्चारून बघा.

डी-२०२
किती बारीक आहे हे! माझाही एक परिच्छेद टाकते. कथा बार्शीकडच्या गावातली आहे.

*सरूने डब्याचं झाकण काढले. आत कालची पोळी होती. पोळी बघून तिला आईची तीव्र आठवण आली. ती खूप वेळ तशीच बसून राहिली.*

बी-१०१ (नाना)
चांगली जागा निवडलीत. डबा उघडण्यात गोष्ट आहे. आता ओळीने बघू.

पहिल्याच वाक्यात 'डब्याचं' आणि 'काढले'. एक बोलण्यातलं रूप, एक लिहिण्यातलं. निवेदन 'काढलं'मध्ये करा किंवा 'काढले'मध्ये, दोन्ही चालतं, पण मिसळू नका. 'काढले'मध्ये निवेदन आणि संवादात 'काढलं' हीही जुनी, चांगली वाट आहे. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १९६२ चे १४ नियम आणि १९७२ ला वाढवलेले ४, असे १८ नियम छापील चार पानांतही मावतात. कट्ट्याच्या फाइलमध्ये ठेवतो, एकदा वाचा.

ए-३०२ (ताई)
मला 'पोळी' अडली. तो ज्वारीचा मुलुख. तिकडे बऱ्याच घरांत गव्हाची असेल तर चपाती म्हणतात, आणि पोळी म्हटलं की पुरणाची. वाचणाऱ्याला वाटेल, काल सण होता. रोजचा डबा असेल तर भाकरी येईल. सरूच्या घरात काय म्हणतात ते तुम्ही ठरवा, पण एकदा ठरलं की निवेदनातही तेच ठेवा.

बी-५०३ (काकू)
भाकरी घेतलीत तर पुढचंही सुटतं. 'तीव्र आठवण' हा शब्द सरूचा नाही, तो बाहेरून आलाय. शिळी भाकरी कडेने वाळते, कडक होते. कोणी ती तव्यावर परत शेकतं, कोणी ताकात कुस्करतं, कोणी कांदा-मिरची घालून फोडणी देतं. सरूची आई काय करायची? ते एका वाक्यात लिहा आणि 'आठवण आली' काढून टाका. 'खूप वेळ'च्या जागीही काहीतरी दिसू दे. तेवढ्या वेळात मधली सुट्टी संपली का, बाजूच्या बाईचा डबा धुऊन झाला का.

डी-२०२
काकू, हे आजच करते. आणि मोठ्या ग्रुपवर का टाकायचं नाही?

बी-१०१ (नाना)
बहुतेक दिवाळी अंक आणि कथास्पर्धा 'अप्रकाशित' साहित्य मागतात. फेसबुकवर किंवा दोनशे जणांच्या ग्रुपवर टाकलेली कथा अप्रकाशित मानायची का, हा प्रत्येक संपादकाचा निर्णय. आपण कशाला जोखीम घ्या? दिवाळी अंकांसाठी जुलैपर्यंत कथा पाठवून मोकळं व्हावं, उशिरा आलेल्या कथेला जागा नसते. शिवाय मोठ्या ग्रुपवरून पुढे ढकललेल्या कवितेखालचं नाव दोन-तीन ग्रुपांनंतर गळून पडतं.

हक्काचं म्हणाल तर नोंदणीची सक्ती नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लिहिल्यापासूनच हक्क लेखकाचा, त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर पुढे ६० वर्षं. तरी मसुद्यावर नाव आणि तारीख घाला, आणि स्वतःच्याच मेलवर एक प्रत पाठवून ठेवा. कट्ट्यावर ऐकलेलं दुसरीकडे सांगायचं नाही, हे सगळ्यांनी पाळायचं आहे.

ए-३०२ (ताई)
क्रम असा: आधी गझल, कारण मात्रा मोजायला कान ताजे लागतात. मग डी-२०२ ची कथा, चहा, ललित, शेवटी दुसरी कथा. घड्याळ माझ्याकडे. १० मिनिटांना हात वर करीन, तेव्हा वाक्य पूर्ण करून थांबायचं. खुर्च्या गोलात. पंखे दोनवरच ठेवायचे, नाहीतर कागद उडतात आणि हळू आवाजात वाचणाऱ्याचं ऐकू येत नाही. पाण्याचा पंप साडेपाचला क्लबहाउसच्या भिंतीमागेच सुरू होतो. रविवारी तो साडेचारला चालवून घ्या असं वॉचमनकाकांना सांगितलंय.

सी-६०४
ताई, प्रिंट मी काढतो, चौघांच्याही. शुक्रवारी ९ पर्यंत पीडीएफ पाठवा. मतला असा नेतोय:

*दारात थांबलेला पाऊस आत येतो*
*वाटेत सांडलेली घेऊन रात येतो*

बी-५०३ (काकू)
२४ आणि २४. आता 'वाटेत सांडलेली रात' कोणाची, ते रविवारी पुढच्या शेरांत ऐकू.

डी-२०२
*सरूने डब्याचं झाकण काढलं. आत कालची भाकरी होती, कडेने वाळलेली. आई अशी भाकरी ताकात कुस्करायची आणि वाटी आधी सरूपुढे सरकवायची.* इथपर्यंत आलंय. पुढचं रात्री टाकते.