हुकूमशहाला संसद कशाला लागते?

खानापूरकर : बेळगावच्या सुवर्णसौधात कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरलं की कुणीतरी म्हणतंच, हुकूमशाही असती तर एवढा खर्च वाचला असता. कुठला वाचतोय? चीनच्या राष्ट्रीय लोकसंसदेत जवळजवळ 3000 सदस्य आहेत. हुकूमशहा संसद पाळतो ती शोभेला नव्हे, कामाला.

निपाणीकर : कसलं काम ओ? मार्च 2018 मध्ये राष्ट्राध्यक्षाला दोनच मुदतींची अट होती, ती काढली. बाजूनं 2958, विरोधात 2, तटस्थ 3. याला शिक्का म्हणतात.

खानापूरकर : खरं त्याच सभेत एप्रिल 1992 ला थ्री गॉर्जेस धरणाच्या ठरावाला 177 जणांनी विरोध केला, 664 तटस्थ राहिले. 1767 मतांनी मंजूर झाला ही गोष्ट वेगळी. गादीचा विषय असला की तोंड बंद, धरणाचा असला की थोडी सैल दोरी. नाराजी कुठं साठलीय हे वरच्यांना त्यातूनच कळतं. वर्तमानपत्रं आधीच गप्प केलेली असतात ना.

शहापूरकर : दोघंही मतदानावरच अडकलात. चाळण त्याच्या आधी लागते. इराणात निवडणुकीला कोण उभं राहायचं ते पालक परिषद ठरवते. तिच्यात 12 जण. 6 धर्मशास्त्री सर्वोच्च नेता नेमतो. उरलेल्या 6 कायदेतज्ज्ञांना संसद निवडते, खरं नावं सुचवतो न्यायप्रमुख, आणि त्यालाही नेमणारा सर्वोच्च नेताच. 2021 ला अध्यक्षपदासाठी 592 जणांनी नोंदणी केली, चाळणीतून उतरले 7. मग मतपेटीला हात लावायची गरजच काय? पाकिस्तानचे लष्करशहा अयूब खाननी तर मतदारच आटवले. अध्यक्ष निवडायला 80,000 'बेसिक डेमोक्रॅट', म्हणजे लोकांनी निवडलेले स्थानिक प्रतिनिधी, आणि गावच्या कामांचा निधीही त्यांच्याच हातून जायचा. कोट्यवधींना सांभाळता येत नाही, 80,000 ना येतं. 1965 ला जिनांच्या बहीण फातिमा जिना अयूबांविरुद्ध हरल्या त्या याच गणितात.

निपाणीकर : एवढं पक्कं गणित, मग चिलीचे हुकूमशहा पिनोशे कसे पडले? 1980 ची राज्यघटना त्यांचीच, पिनोशेच पुढं हवेत का हा 1988 चा कौल त्यातलाच. 56 टक्के लोक 'नको' म्हणाले.

खानापूरकर : पडले, खरं घरी गेले नाहीत की. त्याच घटनेच्या आधारानं 1998 पर्यंत लष्करप्रमुख, पुढं तहहयात सिनेटर. आणि त्यांच्या राजवटीत कायदे करायला लष्कर, नौदल, हवाईदल, पोलिस या चारही दलांची संमती लागायची. कौलाच्या रात्री हवाईदलप्रमुख मात्तेईंनी पत्रकारांसमोर 'नको'चा विजय मान्य करून टाकला, तेव्हा निकाल नाकारायची पिनोशेंची वाट बंद झाली.

निपाणीकर : म्हणजे सोबत्यांनी हात सोडला म्हणून गेले. घटनेनं कुठं घालवलं? माझंच म्हणणं झालं की हे!